थेंब थेंब कॉफी: वाघोलीतल्या एका कॅप्सूल मशीनची नोंद

काकूंचा फोन आला तेव्हा दिवाळी होऊन दहा-बारा दिवस झाले होते. "अगं, आमचं कॉफीचं मशीन बिघडलंय. थेंब थेंब टाकतं आणि मध्येच थांबतं. काका चार वाजल्यापासून त्याच्यासमोर बसून आहेत."

माझं हडपसरला घरगुती उपकरणं दुरुस्त करायचं दुकान आहे. मिक्सर, इस्त्री, किटली ही रोजची कामं. अलीकडे कॅप्सूलची, म्हणजे एका कपाची पावडर भरलेल्या छोट्या डबीवर चालणारी, कॉफी मशीनंही येतात, आणि त्यांच्याबाबत सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच: धार बारीक झाली. त्यावर सगळेच सांगतात की क्षार साचलाय, आम्ल घालून धुऊन टाका. बऱ्याचदा ते बरोबरही असतं. काकूंच्या मशीनमध्ये मात्र तीन वेगळी कारणं एकावर एक बसली होती. नुसतं आम्ल घालून मी परत आले असते तर तीनातलं एकच गेलं असतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे.

काका-काकू वाघोलीला एका सोसायटीत राहतात. मशीन त्यांच्या मुलीने तीन वर्षांपूर्वी दिलेलं. रोज दुपारी चारला दोन कप. काकू दूध वेलची-जायफळ घालून उकळतात, काका मशीनमधून कॉफी काढतात आणि दोन्ही एकत्र होतं. काकांचा उजवा हात आता थरथरतो, त्यामुळे गाळणं, फिल्टर, उकळतं पातेलं यातलं काहीच त्यांना जमत नाही. एक खटका ओढायचा आणि एक बटण दाबायचं, एवढं जमतं. घरातलं हे एक काम ते स्वतः करतात. मशीन बंद पडल्याचं त्यांना इतकं का लागलं, ते मला तिथे गेल्यावर कळलं.

या मशीनमध्ये पाणी कसं फिरतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मागच्या टाकीच्या तळाला एक झडप असते. टाकी बसवली की ती उघडते आणि पाणी एका बारीक जाळीतून पंपाकडे जातं. पंप फिरणारा नसतो, थरथरणारा असतो. विजेच्या प्रत्येक आवर्तनाला आतला लोखंडी दट्ट्या एकदा मागे-पुढे होतो, म्हणजे आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर सेकंदाला पन्नास वेळा. वाटेत पाणी मोजणारी छोटी चक्री असते, ठरलेलं माप भरलं की तीच मशीन थांबवते. पुढे हीटर: धातूच्या ठोकळ्यातून गेलेली एक अरुंद वाट, जिच्यातून जाता जाता पाणी तापतं. शेवटी कॅप्सूल बसते ती जागा. तिथे मागच्या बाजूचे दाते कॅप्सूलला भोकं पाडतात आणि पाणी आत शिरतं. पुढच्या बाजूला बारीक उंचवट्यांची चकती असते. आत दाब वाढला की कॅप्सूलचा पातळ पत्रा त्या उंचवट्यांवर ताणून फाटतो आणि कॉफी बाहेर येते. अशा पंपांवर १५ किंवा १९ बार असा आकडा छापलेला असतो. तो पुढची वाट पूर्ण बंद असतानाचा कमाल दाब. वाट जितकी मोकळी तितका दाब कमी आणि धार जास्त.

म्हणून माझी पहिली तपासणी नेहमी तीच. कॅप्सूल न घालता मोठ्या कपाचं बटण दाबायचं आणि किती मिलिलिटर किती सेकंदांत आलं ते मोजायचं. कॅप्सूल नसताना धार चांगली असेल तर दोष कॅप्सूलमध्ये किंवा तिच्या पुढे. कॅप्सूल नसतानाही धार बारीक असेल तर दोष मागे कुठेतरी. स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं आणि मोबाइलमधलं घड्याळ, एवढंच लागतं. लोक हे करत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण "हळू येतंय" यावरून काहीच कळत नाही आणि दोन आकड्यांवरून निम्मं निदान होतं.

काकांच्या मशीनने ११० मिलिलिटर पाण्याला ९६ सेकंद घेतले. याच जातीच्या चांगल्या मशीनला माझ्या वहीतल्या नोंदींप्रमाणे २८ ते ३५ सेकंद लागतात. म्हणजे दोष मागे होता. मग काकांनी नेहमीसारखी कॉफी काढून दाखवली. त्यांनी स्टीलची, पुन्हा भरता येणारी कॅप्सूल काढली, त्यात डब्यातली पावडर चमच्याने भरली आणि चमच्याच्या मागच्या बाजूने चांगली दाबली. बटण दाबलं. पंप चालू झाला, दहा-बारा थेंब पडले आणि मग काहीच नाही. म्हणजे पुढेही काहीतरी होतं. पण एका वेळी एकच गोष्ट बघायची, म्हणून ती कॅप्सूल मी बाजूला ठेवली.

कारणं कमी करत गेले. प्लगमध्ये व्होल्टेज २२६, ठीक. हे बघावंच लागतं, कारण व्होल्टेज फार पडलं की असा पंप कमजोर होतो. टाकी उचलून तळाची झडप बोटाने दाबली, पाणी भसकन आलं. जाळीवर थोडा पांढुरका थर होता, तो ब्रशने गेला. धारेत फरक नाही.

मग आवाज. पंपाला पाणी मिळत नसेल, मध्ये हवा अडकली असेल, तर तो मोठ्याने आणि पोकळ खडखडतो. टाकी रिकामी असताना चुकून बटण दाबलं गेलं की असंच होतं. तेव्हा कॅप्सूल न घालता गरम पाण्याचं बटण दोन-तीनदा दाबलं की बहुतेक वेळा हवा निघून जाते. काकांच्या मशीनचा आवाज याच्या अगदी उलटा होता, दबलेला, खोल, जड ओझं ढकलताना माणूस हुंकारतो तसा. म्हणजे पाणी पंपापर्यंत पोचत होतं, पंप जोर लावत होता आणि पुढची वाट अरुंद होती.

काकूंच्या ओट्यावर विजेची किटली होती. तिचं झाकण उघडलं तर तळाला खडूसारखा जाड पांढरा थर. मी विचारलं, "काका, मशीनमध्ये पाणी कुठलं घालता?"

"नळाचं. पिण्यासाठी आरओ आहे, पण त्यात किती पाणी वाया जातं! आणि मशीन उकळतंच की सगळं. मग आरओचं कशाला?"

उकळलं की पाणी निर्धोक होतं हे जंतूंच्या बाबतीत खरं आहे. क्षारांच्या बाबतीत मात्र उकळणं हीच अडचण. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरलेलं कॅल्शियम कार्बोनेट न विरघळता तिथेच बसतं. तिथेच म्हणजे सगळ्यात गरम आणि सगळ्यात अरुंद जागी, हीटरच्या वाटेत.

त्यांच्या सोसायटीत टँकरचं पाणी येतं आणि टँकर भरतो बोअरवर. आपल्याकडच्या काळ्या खडकातून मुरून आलेलं हे पाणी बहुधा जड असतं, शाळेच्या पुस्तकातला शब्द म्हणजे दुष्फेन. मत्स्यालयवाले वापरतात तसा थेंब मोजायचा संच माझ्याकडे असतो. पाच मिलिलिटर पाण्यात एकेक थेंब टाकायचा आणि रंग लालचा हिरवा होईपर्यंत मोजायचं. प्रत्येक थेंब म्हणजे कठीणपणाचा, म्हणजे पाणी किती जड याचा, एक जर्मन अंश: कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने लिटरला सुमारे १७.८ मिलिग्रॅम. माझ्या घरी खडकवासल्याहून येणाऱ्या नळाच्या पाण्याला तीन थेंब पुरतात. काकूंच्या नळाला चोवीस लागले. काकू शेजारी उभ्या राहून माझ्याबरोबर मोठ्याने मोजत होत्या.

चोवीस थेंब म्हणजे लिटरला जवळपास ४२७ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा २०० आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. म्हणजे हे पाणी प्यायला बेकायदा नाही की विषारीही नाही. हीटरला मात्र ते फार आहे. दोन कप आणि मशीन खळाळणं धरून रोज ३०० मिलिलिटर म्हटलं तरी वर्षाला सुमारे ४७ ग्रॅम क्षार त्या वाटेतून जात होता. त्यातला थोडाच भाग चिकटतो, पण थोडाही पुरतो. संथ वाहणाऱ्या पाण्याचा नियम असा की दाब तोच ठेवून नळीचा व्यास पंधरा टक्क्यांनी घटला तर प्रवाह जवळजवळ निम्म्यावर येतो. थर चिमूटभरच दिसतो, धार मात्र अर्धी होते.

मशीनवरचा क्षार काढायची आठवण देणारा दिवा कधी लागला का, असं विचारलं. काका म्हणाले, लागलाच नाही. तो दिवा आतला थर बघत नसतो. पाणी किती गेलं ते मोजतो आणि पाणी किती जड हे आपण जे सांगितलं असेल त्यावर हिशोब करतो. मशीन घेतल्यावर ते कोणीच सांगितलेलं नव्हतं.

इथवर सगळं जुळत होतं, म्हणून मी क्षार काढायला घेतला. किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक ॲसिड, लोक ज्याला लिंबाचं फूल म्हणतात ते, २० ग्रॅम ६०० मिलिलिटर कोमट पाण्यात. त्याहून तीव्र करू नये. आम्ल जास्त आणि पाणी गरम झालं की कॅल्शियम सायट्रेटचा वेगळाच पांढरा गाळ बसतो आणि काम वाढतं. एक जहाल फेरी मारण्यापेक्षा ताज्या पाण्याच्या दोन सौम्य फेऱ्या बऱ्या. कंपनीच्या बाटलीतलं द्रावण मिळत असेल तर तेच वापरावं, त्यात बहुधा लॅक्टिक ॲसिड असतं आणि ते रबरी वायसरांना त्रास देत नाही. काकूंनी विचारलं की संडास धुवायच्या ॲसिडचे चार थेंब घातले तर लवकर होईल का. नाही. कधीच नाही. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड आहे, हीटरचा धातू खाऊन टाकतं, आणि शेवटी त्या वाटेने आलेलं पाणी आपल्यालाच प्यायचं असतं.

अर्धी टाकी सोडली, पंधरा मिनिटं बंद ठेवलं, मग उरलेलं सोडलं. पंपालाही उसंत हवीच असते. अशा पंपांवर साधारण दोन मिनिटं चालव आणि एक मिनिट थांब असं लिहिलेलं असतं. नळीतून धार सरळ येईना. फुरफुरत, थुंकत येत होती, कारण आत क्षार विरघळून वायू सुटत होता. काचेचा ग्लास खिडकीच्या उजेडात धरला तर पाणी ताकासारखं गढूळ, तळाला रव्यासारखे कण, आणि त्यात एक चपटी कपची, अंड्याच्या टरफलाचा नखाएवढा तुकडा असावा तशी. एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने खरखरीत. गुळगुळीत बाजू धातूला चिकटलेली होती. काकांनी ती तळहातावर घेतली आणि बराच वेळ बघत राहिले.

दोन फेऱ्या झाल्या, साध्या पाण्याच्या दोन टाक्या सोडल्या आणि पुन्हा मोजलं. ५८ सेकंद.

९६ चे ५८ झाले होते. काकू खूश. मी नव्हते. दुसऱ्या फेरीचं पाणी जवळजवळ स्वच्छ आलं होतं, म्हणजे हीटरमध्ये काढण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, तरी तीसच्या आसपास यायला हवा तो आकडा तिथे अडला होता. आणखी एक फेरी मारावी की काय, असं माझ्या मनात होतं. तेवढ्यात काकू सहज म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत तर ठीक चाललं होतं गं. जरा हळू होतं, पण चालत होतं. साफसफाई झाली आणि एकदम असं झालं."

मी आल्या आल्या "किती दिवसांपासून?" असं विचारलं होतं आणि काका म्हणाले होते, "बरेच दिवस झाले." मी त्यावर थांबले. पुढचा प्रश्न विचारायला हवा होता: हळूहळू कमी झालं की एकदम? क्षार एका आठवड्यात साचत नाही. तो महिनोन्महिने चढतो आणि धार नकळत उतरत जाते. एका आठवड्यात धार पडली असेल तर काहीतरी सुटून कुठेतरी अडकलंय.

"साफसफाईत मशीनला काय केलं होतं, काका?"

"व्हिनेगर घातलं होतं. वाचलं होतं कुठेतरी. पण वास इतका यायला लागला की अर्ध्यावर बंद केलं आणि साधं पाणी सोडलं."

व्हिनेगरने क्षार विरघळतो हे खरं. पण जाड थराला अर्धी फेरी दिली की तो विरघळत नाही, त्याच्या कडा सुटतात. त्यातून कपच्या निघतात, पाण्याबरोबर पुढे जातात आणि सगळ्यात बारीक भोकापाशी अडकतात. काका चुकले असं मी म्हणणार नाही, त्यांना जे सुचलं ते त्यांनी केलं. फक्त सुरू केलेली फेरी पूर्ण करायला हवी होती.

मशीनचा प्लग काढला, ते थंड होऊ दिलं, खटका उघडला आणि दात्यांच्या चकतीवर टॉर्चचा उजेड पाडला. पाणी येण्याची भोकं दात्यांच्या मुळाशी होती. त्यातलं एक स्वच्छ दिसत होतं. बाकीच्यांत पांढरं, करडं काहीतरी घट्ट बसलेलं, कॉफीच्या तेलात माखलेलं. इथे सुई घालायचा मोह फार होतो. सुईने कपची आत ढकलली जाते, झडपेत जाऊन बसते आणि मग मशीन खोलावंच लागतं. मी कापसाचा बोळा कोमट आम्लात भिजवून चकतीवर दाबून बसवला आणि वीस मिनिटं तसाच ठेवला. काढून पुन्हा नवीन बोळा, आणखी वीस मिनिटं. काकूंनी तेवढ्यात पोहे केले. मग दात मऊ पडलेल्या ब्रशने चकती घासली, पुढच्या उंचवट्यांच्या चकतीतला काळा चिकट थरही काढला आणि कॅप्सूल न घालता तीन कप पाणी सोडलं.

११० मिलिलिटरला ३१ सेकंद. काकांनी माझ्या हातून मापाचं भांडं घेतलं आणि पुन्हा एकदा स्वतः मोजलं. ३१.

ड्रॉवरमध्ये कंपनीची भरलेली एक कॅप्सूल उरली होती, मुलीने पाठवलेल्यातली शेवटची. ती घातली. छोटा कप, ४० मिलिलिटर, २४ सेकंदांत आणि वर तपकिरी फेस. मग काकांची स्टीलची, त्यांच्या पद्धतीने भरून. पुन्हा थेंब थेंब.

हे तिसरं कारण, आणि आपल्या घरांत बहुधा हेच जास्त आढळेल असं मला वाटतं. भरलेली कॅप्सूल महाग पडते. काकांच्या शब्दांत, "एका कपाला पन्नास रुपये मला पटत नाहीत." म्हणून लोक स्टीलची घेतात आणि घरात असलेली फिल्टर कॉफीची पावडर भरतात. त्या डब्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: कॉफी ६० टक्के, चिकोरी ४०. आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी निम्म्याहून जास्त, किमान ५१ टक्के, असावी लागते आणि प्रमाण छापावं लागतं. चिकोरी हे भाजलेलं मूळ. पाणी लागलं की ती कॉफीपेक्षा खूप जास्त विरघळते, मऊ पडते, चिकट होते. पितळी फिल्टरमध्ये ते चालतं. तिथे पाणी स्वतःच्या वजनाने पंधरा-वीस मिनिटं झिरपतं, कोणी ढकलत नाही. पंपाच्या दाबाखाली मात्र तिचा चिखल होतो आणि वाट बंद. त्यात पावडर चमच्याने ठोकून भरलेली.

चिकोरी वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. फिल्टरच्या कॉफीला तिच्यामुळे जो गडदपणा येतो तो मलाही आवडतो. या मशीनसाठी ती नाही, इतकंच.

मी माझ्याकडची शुद्ध कॉफी नेली होती, जाडसर दळलेली, मिठापेक्षा जाड आणि साखरेपेक्षा बारीक. कॅप्सूलमध्ये काठाच्या किंचित खाली येईल इतकी, पाचेक ग्रॅम. दाबायची नाही, कॅप्सूल टेबलावर दोनदा हलकी आपटून सारखी करायची. ४० मिलिलिटरला २९ सेकंद. फेस कंपनीच्या कॅप्सूलइतका आला नाही, पण दुधात मिसळल्यावर त्याने काही बिघडत नाही. काकूंनी चव घेतली आणि म्हणाल्या, थोडी हलकी आहे, पण जायफळ नीट लागतं.

पाण्याचं काय करायचं यावर थोडा वाद झाला. काकांना आरओत वाया जाणारं पाणी डाचत होतं, आणि टँकरची वाट बघणाऱ्या माणसाला ते डाचणारच. पण मशीनला दिवसाला ३०० मिलिलिटरच लागतं. काकू आरओचं वाया जाणारं पाणी आधीपासूनच बादलीत धरून फरशी पुसायला वापरतात. ते नळाच्या पाण्यापेक्षाही जड असतं, त्यामुळे किटलीत मात्र ते कधी घालू नका, एवढं सांगितलं. मशीनमध्ये यापुढे आरओचंच पाणी. आठवण देणाऱ्या दिव्याचं सेटिंगही मी पुस्तिकेप्रमाणे बदललं, पण त्या दिव्यावर विसंबू नका असं काकांना बजावलं. महिन्यातून एकदा कॅप्सूल न घालता मोठा कप सोडायचा आणि सेकंद लिहून ठेवायचे. चाळीसच्या वर गेले की आम्लाची फेरी, आणि सुरू केली की ती पूर्ण करायची.

फेब्रुवारीच्या शेवटी त्यांच्या शेजाऱ्यांचा मिक्सर बघायला त्या इमारतीत गेले होते, तेव्हा डोकावले. ओट्याशेजारच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, गॅस सिलिंडर लावल्याच्या तारखेखाली, काकांच्या थरथरत्या अक्षरात तीन आकडे होते: डिसेंबरचे ३१, जानेवारीचे ३१, फेब्रुवारीचे ३२. चार वाजत आले होते. काकूंनी दूध ठेवलं, आणि काकांनी डाव्या हाताने टाकी धरून उजव्या हाताने आरओच्या तांब्यातलं पाणी त्यात हळूहळू ओतलं.